डब्बा, देवी आणि दोन थेंब : आपल्या भागात लेकरांच्या आरोग्याचा प्रचार कसा झाला

तान्ह्या लेकराला धाप लागली, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला की आपल्याकडची म्हातारी सांगते, "डब्बा झाला याला." नुसता श्वास जोरात चालायला लागला तर म्हणते, "लहाक लागली." आणि दर हिवाळ्यात आरोग्य खात्याच्या फ्लेक्सवर शब्द येतो न्यूमोनिया. फ्लेक्स लावणारा आणि ती म्हातारी एकाच आजाराबद्दल बोलून राहिले, हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसतं.

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. थंडी आली की 'सांस' मोहीम सुरू होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह होऊन गेलेला असतो, पावसाळ्यात अतिसाराची मोहीम झालेली असते. पोस्टर, चित्ररथ, रॅली, शाळेतल्या पोरांच्या घोषणा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्यांच्या पेपरात फोटोसह बातमी. अशा बातम्या मी वीसेक वर्षं लावतो आहे. त्यातून एक प्रश्न सुटत नाही. भिंती रंगवून, भोंगे लावून, रेडिओवर सांगून खरोखर लेकरं वाचतात का?

वाचतात. पण कधी वाचतात आणि कधी नुसता रंग वाया जातो, याचा इतिहास आपल्याच भागात पडला आहे. तो आपल्यालाच नीट माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात देवीपासून करू. विदर्भातल्या बहुतेक गावांत मातामायचं ठाणं आहे. अंगावर फोड आले की "माता आली" म्हणायचे. घरात फोडणी बंद, कडुलिंबाचा पाला, माता शांत व्हायची वाट बघायची. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिथून हा रोग देशातून जायला पावणेदोनशे वर्षं लागली. देवी काढणारा गावात आला की बाया लेकरं घेऊन शेतात पळायच्या, हे आपल्या आजीकडून बहुतेकांनी ऐकलं असेल.

मग सत्तरच्या दशकात काय बदललं? जे पन्नाशी-साठीच्या पुढचे आहेत त्यांना भिंतीवरची ती रंगवलेली ओळ आठवेल: देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. बक्षिसाची रक्कम पन्नासपासून वाढत वाढत हजार रुपयांवर गेली. त्या काळचे हजार रुपये! शेतमजुराच्या घरात एकरकमी तेवढा पैसा दिसायचा नाही.

आपण ती ओळ गंमत म्हणून आठवतो, पण तिच्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती. ती भिंत लोकांना उपदेश करत नव्हती, लोकांना विचारत होती. "तुम्हाला काही दिसलं का? सांगा." आरोग्य कर्मचारी हातात देवी झालेल्या लेकराच्या चित्राचं कार्ड घेऊन शाळेत जायचे, आठवडी बाजारात उभे राहायचे, "असं कोणी पाहिलं का" विचारत फिरायचे. आणि कोणी सांगितलं की तिथं माणसं पोचायची. रोगी वेगळा ठेवायचा, आजूबाजूच्या सगळ्यांना लस टोचायची. निरोप द्या, माणूस येतो, असा सरळ हिशेब होता. देशातला शेवटचा रोगी सापडला मे १९७५ मध्ये, आसामात करीमगंजला.

त्याच सुमारास दुसरा एक प्रचारही भिंतीवर चालू होता. लाल त्रिकोण, दोन किंवा तीन पुरेत. आणीबाणीत त्याचं काय झालं ते सांगायला नको. कोटा पूर्ण करायला माणसं धरून नेली. त्याने आरोग्य खात्याच्या गाडीची जी धास्ती बसली, ती पुढं लेकरांच्या लसीलाही नडली. सुई घेऊन येणारा माणूस खरंच लेकरासाठी आला की अजून कशासाठी, असा संशय गावागावांत राहिला. एक वाईट मोहीम दहा चांगल्या मोहिमांची पत खाऊन टाकते, हे पेपरवाल्याला लवकर कळतं. आमचंही तसंच असतं.

मागं जायचं तर या सगळ्याच्या आधी आपल्याकडचं प्रसारमाध्यम म्हणजे कीर्तन आणि भजन. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. दिवसभर गाव झाडलेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, त्यामुळे रात्री ते स्वच्छतेवर बोलले तर कोणी हसत नसे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आपल्या चिमूर भागात घराघरात पोचलेली. गाव झाडणं, व्यसन सोडणं, हे सगळं त्या भजनातून गेलं. त्यावर कोणी टक्केवारी काढली नाही, पण आजही सामुदायिक प्रार्थनेला बसणारी गावं आपल्या तालुक्यात आहेत.

रेडिओचा प्रयोग मात्र मोजून झाला होता, आणि तोही महाराष्ट्रात. १९५६ साली आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ श्रोतृमंडळं बसवली. गावातली पंधरा-वीस माणसं ठरलेल्या दिवशी एकत्र बसायची, कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर आपसात बोलायची आणि आपले प्रश्न आकाशवाणीला लिहून कळवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली, पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. शेती हा मुख्य विषय असला तरी निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. जिथं ऐकून चर्चा झाली तिथं लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथं फारशी पडली नाही. नुसता डबा बोलून उपयोग नाही, त्याच्याभोवती माणसं बसली पाहिजेत. सत्तर वर्षं होत आली याला. तरी आपण अजून चित्ररथ गावातून ताशी वीसच्या वेगाने फिरवून आणतो आणि जनजागृती झाली म्हणून नोंद करतो.

आता गडचिरोली. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जे झालं ते जगभरातल्या डॉक्टरांनी वाचलं आणि आपण मात्र "बंगसाहेबांचं काम मोठं आहे" एवढ्यावर सोडून दिलं.

२६ ऑगस्ट १९८२ ला आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. १९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं 'सर्च' सुरू केली. लेकरं कशाने मरतात हे त्यांनी घरोघर विचारलं, तेव्हा न्यूमोनिया हे मोठं कारण पुढं आलं. मग १९८८ मध्ये ५८ गावं निवडली. पाच वर्षांच्या आतली तिथली लेकरं होती ६१७६. दुसरीकडं तुलनेसाठी ४४ गावं ठेवली, तिथं हा कार्यक्रम नव्हता.

५८ गावांत दोन गोष्टी एकत्र केल्या. एक, लेकरांच्या न्यूमोनियाबद्दल सगळ्या लोकांना शिकवणं. म्हणजे आज आपण ज्याला जनजागृती म्हणतो तेच. आणि दोन, गावातच औषध देणारा माणूस तयार करणं. त्यात आरोग्य कर्मचारी होते, गावातले आरोग्यसेवक होते, आणि सुईणीसुद्धा होत्या. अक्षर न येणाऱ्या, पन्नासपर्यंत आकडे न मोजू शकणाऱ्या सुईणी.

मग श्वास कसे मोजायचे? न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे कळायला पाहिजे. तान्ह्याचे साठच्या वर गेले, थोड्या मोठ्याचे पन्नासच्या वर गेले की धोका. यावर त्यांनी काढलेली युक्ती अशी की वाचल्यावर माणूस खुश होऊन जाईल. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, पाटीच्या मण्यांसारख्या. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या लेकरासाठी, दुसरी त्यापेक्षा मोठ्यासाठी. सुईणीने दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की औषध सुरू. दहापर्यंत तर सगळ्यांनाच येतं. याला म्हणायचे श्वासमापक.

आता वर्षभराचा हिशेब बघा. त्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ लेकरांवर या लोकांनी उपचार केले. त्यातली दगावली शंभरात एकाहून कमी, ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के दगावली. दर हजार लेकरांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू इकडं ८.१ आणि तिकडं १७.५. हे १९९० मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातला औषधाचा भाग मोठा वाटला. आता वाटतं की जोड मोठी होती. नुसतं शिक्षण दिलं असतं तर आईला कळलं असतं की माझ्या लेकराला जीवघेणं काहीतरी झालं आहे, आणि त्या रात्री करायला तिच्या हातात काहीच नसतं. नुसतं औषध ठेवलं असतं तर आई सुईणीकडं आलीच नसती, पोटावर बिब्बा लावत बसली असती. डब्बा म्हणजे हाच आजार, आणि त्याची गोळी अमक्या घरी मिळते, हे दोन्ही एका दमात कळलं म्हणून काम झालं.

पुढं हाच विचार नवजात बाळांपर्यंत गेला. ३९ गावांत लिहिता-वाचता येणाऱ्या स्थानिक बाया 'आरोग्यदूत' झाल्या. बाळाचं वजन करणं, ऊब ठेवणं, आईचं दूध सुरू करून देणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन देणं, असं सगळं त्या शिकल्या. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'ने छापलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात ना, त्याचं मूळ इथं आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. हे सांगताना छाती जरा फुगते, खोटं कशाला बोलू.

प्रचार नेहमी खालच्या लोकांसाठीच असतो असं आपण धरून चालतो. आईला सांगा, बापाला सांगा, आदिवासींना सांगा. पण सरकारला कोण सांगणार? १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांनी लावून धरल्या, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा कुठं मुंबईला धारणी-चिखलदरा नकाशावर सापडलं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी गावं, आदिवासी पाडे आणि शहरी झोपडपट्ट्यांत जन्म आणि मृत्यू स्वतः नोंदवले आणि दाखवून दिलं की सरकारी वहीत जितके बालमृत्यू दिसतात त्याच्या कितीतरी पट प्रत्यक्षात होतात. नाव असं की विसरता येत नाही. पेपरांनी उचलून धरलं, विधिमंडळात गाजलं. पुढं सरकारला डॉ. अभय बंगांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. माझ्या मते महाराष्ट्रातली बालआरोग्याची सगळ्यात परिणामकारक माध्यम मोहीम हीच, आणि ती आईसाठी नव्हती, मंत्रालयासाठी होती.

दोन थेंबांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. देशभर पल्स पोलिओ सुरू झाला डिसेंबर १९९५ मध्ये. अमिताभ बच्चनचा आवाज, पिवळे बॅनर, बसस्टँडवर टेबल, लेकराच्या बोटाला शाई. देशातला शेवटचा रोगी सापडला जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालात हावड्याला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण अमिताभचं नाव घेताना लोक एक विसरतात, की बूथच्या दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीताई घरोघर फिरायची आणि दारावर खडूने खूण करायची. त्या खडूची जाहिरात कोणी केली नाही.

त्यातच यवतमाळ जिल्ह्यातली ती घटना. ३१ जानेवारी २०२१, घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी गाव, १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली, पण पंचवीस वर्षं कमावलेला विश्वास एका बाटलीने हलला. जाहिरातीने आई बूथपर्यंत येते. तिथं बाटलीवरचं लेबल वाचायचं काम जाहिरात करत नाही.

आणि २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा तर गंमतच झाली. २७ तारखेला राज्यभर शाळांतून लस सुरू झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उलटा प्रचारही. लस घेतली की पुढं मूल होत नाही वगैरे. आणीबाणीतली ती जुनी भीती नव्या फोनवर! चाळीस वर्षांनी तोच संशय, फक्त आता तो फॉरवर्ड होतो. सरकारी प्रेसनोटीने त्याला उत्तर मिळत नाही. ओळखीच्या शिक्षकाने, ओळखीच्या नर्सबाईने पालकांना समोर बसवून सांगावं लागतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, पाऊस कमी, शेती कोरडवाहू, घरोघरी रेडिओ. तिथं २०१२ ते २०१५ मध्ये सात स्थानिक रेडिओ केंद्रांवरून, तिथल्याच बोलीभाषेत, दिवसातून अनेकदा एकच गोष्ट सांगितली: लेकराला ताप, जुलाब, धाप असेल तर दवाखान्यात न्या. दुसरी सात केंद्रं तुलनेला. पहिल्याच वर्षी दवाखान्यात येणाऱ्या लेकरांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त वाढली. नंतर ती वाढ कमी होत गेली. मृत्यू घटले का? मोजणीत तसा फरक दिसून आला नाही. यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. मी माझ्यापुरता अर्थ काढतो की रेडिओने आईला उठवून दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं, आणि रेडिओचं काम तिथं संपलं. दाराच्या आतलं काम दुसऱ्याचं.

भाषेचं मात्र त्यांच्याकडून शिकावं. आपल्या एटापल्ली-भामरागडच्या गावात पुणेरी मराठीतलं पोस्टर चिकटवून काय होणार? डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले तेव्हा आधी माडिया शिकले. रोगी बोलेल ते कळल्याशिवाय डॉक्टरकी कशी करणार. भामरागड सोडा, आपल्या भद्रावती तालुक्यातसुद्धा "कोमट पाण्यात जलसंजीवनीचे मिश्रण" असं छापण्यापेक्षा "हगवण लागली तर पुडी पाण्यात घोळून पाजा" असं लिहिलं तर बाई वाचून लगेच पुडी मागेल. पुडी कुठं मिळते, तेही त्याच ओळीत लिहा.

आणि आपल्याकडं झाडीपट्टी रंगभूमी आहे ना! दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजहून कंपन्या निघतात, चंद्रपूर-गडचिरोली-गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत रात्रभर नाटकं होतात, तिकीट काढून हजारोंनी लोक बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. दारूवर, अंधश्रद्धेवर या नाटकांतून बोललं गेलंच आहे. आणि योगायोग बघा, झाडीपट्टीचा हंगाम आणि डब्ब्याचा हंगाम एकच, थंडीचा. मंडपात आई मांडीवर लेकरू घेऊनच बसलेली असते. फ्लेक्सचे पैसे तिकडं वळवायला कोणाला सुचत नसेल तर आपण सुचवू.

आशाताईंचंही बोललं पाहिजे. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मानधनासाठी त्या संपावर होत्या, तेव्हा मोहिमांची पोस्टरं तशीच लागलेली होती. पोस्टर संपावर जात नाही, म्हणून ते सोयीचं वाटत असावं.

आता कामाचं. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, कागदावर तरी नक्की. तिला थोडा निधीही असतो. या हिवाळ्यात तुमच्या गावात सांस मोहिमेचा फ्लेक्स लागला की ग्रामसभेत एवढंच विचारा: उपकेंद्रात लेकरांची न्यूमोनियाची गोळी आज आहे का? श्वास मोजायला कोण शिकलं आहे? रात्री दोनला लहाक लागली तर फोन कोणाला करायचा? उत्तर मिळालं तर ते फ्लेक्सवर खाली मोठ्या अक्षरात लिहून टाका, पेंट मी देतो.

अजून एक. तुमच्या गावातल्या जुन्या भिंतींवर देवीची, लाल त्रिकोणाची, पोलिओची पुसट झालेली अक्षरं कुठं शिल्लक असतील तर फोटो काढून पाठवा. आणि डब्ब्याला तुमच्याकडं अजून काय म्हणतात तेही लिहा. माडियात, गोंडीत, कोलामीत, तेलुगूत, जे असेल ते. यादी करून आपल्या आशाताईंना देऊ.